एमबीबीएस करताना मध्येच थांबावं लागलं तर? रजा, हजेरी आणि नऊ वर्षांचा नियम

एमबीबीएसची सीट मिळावी म्हणून अनेक विद्यार्थी बारावीनंतर एक-दोन वर्षं नीटच्या तयारीत घालवतात. ती वर्षं ‘वाया गेली’ असं घरात सहसा कुणी म्हणत नाही. पण प्रवेश मिळाल्यावर क्षयरोग, अपघात, बाळंतपण, घरातलं आजारपण किंवा नैराश्य यांमुळे सहा महिने थांबायची वेळ आली, की सगळं घर हादरतं. सीट जाईल का? वर्ष बुडेल का? पुढे पीजीला अडचण येईल का?

थोडक्यात उत्तर असं: रीतसर कळवून, मंजुरी घेऊन थांबल्यामुळे सहसा सीट जात नाही. एखादं वर्ष मागे पडू शकतं. खरा धोका असतो तो कुणालाही न सांगता वर्गातून गायब होण्यात आणि तयारी नसताना परीक्षेचे प्रयत्न संपवून टाकण्यात. असं का, हे समजण्यासाठी नियम नीट पाहावे लागतात.

‘गॅप इयर’ मिळतं का?

भारतात एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, म्हणजे ५४ महिन्यांचा आहे. त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या, २०२३ च्या नियमावलीनुसार प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांनंतर कुणालाही हा अभ्यासक्रम सुरू ठेवता येत नाही. काही काळ अभ्यासक्रम थांबवून ही मुदत पुढे ढकलायची सोय त्यात नाही. रजेवर घालवलेले महिनेही या नऊ वर्षांतच मोजले जातात.

तरी ही मुदत तशी ऐसपैस आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रवेश घेतला. सगळं वेळेवर झालं तर तिचे ५४ महिने मार्च २०२८ च्या सुमारास पूर्ण होतील. आजारपणात एक पूर्ण वर्ष गेलं तर मार्च २०२९. नऊ वर्षं संपतात सप्टेंबर २०३२ मध्ये. म्हणजे एक वर्ष थांबूनही तिच्या हातात साडेतीन वर्षं उरतात.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण हजेरीची. विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल व क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. एखाद्या विषयाची २०० लेक्चर असतील तर ५० बुडवता येतात. १०० प्रॅक्टिकल असतील तर फक्त २०. टायफॉइडचे तीन आठवडे यात बसतात, फ्रॅक्चरचे तीन महिने बसत नाहीत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागली, असं अनेकांना वाटतं. सर्टिफिकेटमुळे गैरहजेरीचं कारण सिद्ध होतं, न भरलेले तास भरून निघत नाहीत. बुडालेली पोस्टिंग नंतर जादा करून घेता येतील का, हे विभागप्रमुखांना आधीच विचारावं लागतं.

दुसरी अडचण प्रयत्नांची, आणि ती पहिल्या वर्षी सर्वांत मोठी असते. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री असलेली पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात. वर्षाला एक मुख्य आणि एक पुरवणी परीक्षा धरली, तर चार प्रयत्न दोन वर्षांत संपतात. काही पेपर देऊन उरलेले सोडले, तरी तो एक प्रयत्न धरला जातो. कोविडचा फटका बसलेल्या २०२०-२१ च्या बॅचला एनएमसीने अपवाद म्हणून पाचवी संधी दिली होती, पण ती एकदाच.

म्हणून पहिल्या वर्षी आजारी पडलेल्या विद्यार्थ्याने ‘बसून तर बघू’ म्हणत परीक्षा देणं महागात पडू शकतं. परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच ठरवावं आणि अर्ज न भरल्यास किंवा भरून गैरहजर राहिल्यास प्रयत्न कसे मोजले जातील, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. महाराष्ट्रात ही विचारणा कॉलेजमार्फत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे करता येते. अभिमत विद्यापीठांची परीक्षा शाखा त्यांची स्वतःची असते.

बॅच मागे पडली म्हणजे काय होतं?

मुख्य परीक्षा हुकली किंवा राहिली, तर पुरवणी परीक्षा काही आठवड्यांत होते. त्यात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच बॅचसोबत पुढे जातो. तीही राहिली, तर ज्युनिअर बॅचमध्ये बसावं लागतं. पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही.

ज्युनिअर बॅचमध्ये बसणं अनेकांना नापास होण्यापेक्षाही जड जातं. होस्टेलचे मित्र पुढे गेलेले असतात, नवे चेहरे ‘सिनिअर’ म्हणतात आणि घरी नातेवाईक विचारतात, ‘अजून तिथेच?’ या भीतीपोटी कितीतरी विद्यार्थी ताप, निद्रानाश किंवा रडू येणं लपवत वर्ष रेटतात.

पुढच्या वाटचालीच्या दृष्टीने पाहिलं तर चित्र वेगळं आहे. नीट-पीजीची गुणवत्ता यादी त्या परीक्षेच्या गुणांवर लागते, एमबीबीएसला किती वर्षं लागली यावर नाही. मात्र कोणतं वर्ष किती प्रयत्नांत सुटलं हे सांगणारं ‘अटेम्प्ट सर्टिफिकेट’ पुढच्या प्रवेशांत आणि नोकऱ्यांत अनेक ठिकाणी मागितलं जातं. म्हणजे कागदावर उमटतात ते प्रयत्न. तीनदा नापास होण्यापेक्षा उपचार घेऊन, एक वर्ष उशिरा पण नीट तयारीने परीक्षा देणं बरं ठरू शकतं.

इंटर्नशिप आणि पीजीमध्ये रजा किती?

एनएमसीच्या २०२१ च्या नियमांनुसार इंटर्नला वर्षभरात पूर्वपरवानगीने १५ दिवस रजा मिळते. त्याहून जास्त दिवस गेले तर तितकी इंटर्नशिप पुढे वाढते. इथे तारीख महत्त्वाची ठरते. नीट-पीजी २०२५ साठी इंटर्नशिप ३१ जुलै २०२५ पर्यंत पूर्ण होणं आवश्यक होतं. अशी तारीख थोडक्यात हुकली, तरी पुढच्या परीक्षेची वाट पाहावी लागते. म्हणून इंटर्नशिपमध्ये मोठी रजा घेण्याआधी हा हिशेब करावा.

एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना २०२३ च्या पीजी नियमावलीनुसार वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आणि पाच दिवस शैक्षणिक रजा आहे. प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे मिळते. त्यापलीकडे रजा गेली तर अभ्यासक्रम तेवढा लांबतो.

परदेशात शिकणाऱ्यांचं काय?

रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्ससारख्या देशांत शिकून भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर नोव्हेंबर २०२१ पासूनचे नियम लागू होतात. किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली असावी लागते आणि सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून दहा वर्षांत पूर्ण व्हावा लागतो. त्यामुळे तिथल्या विद्यापीठाने रजा दिली तरी ‘उरलेलं दुसरीकडे करू’ हा पर्याय सोपा नसतो.

थांबणं म्हणजे अपयश का?

अमेरिकेत मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. तिथे सुमारे ८२ ते ८४ टक्के विद्यार्थी तो चार वर्षांत पूर्ण करतात. सहा वर्षांपर्यंत पाहिलं तर हा आकडा सुमारे ९६ टक्क्यांवर जातो. जादा वेळ घेणाऱ्यांत आजारी पडलेले असतात, तसेच संशोधनासाठी किंवा दुसऱ्या पदवीसाठी थांबलेलेही असतात. ब्रिटनमध्ये तर मधलं एक वर्ष वेगळ्या विषयाची पदवी घेण्याची जुनी पद्धतच आहे.

भारतात एनएमसीच्या मानसिक आरोग्यविषयक कृती गटाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० एमबीबीएस विद्यार्थी सहभागी झाले. त्यातल्या २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं, तर १६.२ टक्के जणांच्या मनात आदल्या वर्षभरात स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार आले होते. ही पाहणी स्वेच्छेने भरायची होती, त्यामुळे आकडे सगळ्या विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण वर्गात असा विद्यार्थी एकटाच नसतो, एवढं त्यावरून कळतं.

रीतसर रजा कशी घ्यावी?

• अधिष्ठात्यांच्या किंवा प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करावा. कारण, अंदाजे कालावधी आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. फोनवर मेंटॉरला सांगणं पुरेसं नाही.
• अर्जाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्यावी. पुढे वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.
• प्रत्येक विभागाकडून आजवरच्या हजेरीचा आणि अंतर्गत मूल्यमापनाचा तपशील मागावा. परतल्यावर काय पुन्हा करावं लागेल हे त्यावर ठरतं.
• महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळत असेल तर मागे पडलेल्या वर्षासाठी ती चालू राहील का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावं. त्या वर्षाची फी आणि होस्टेलची खोली यांचंही विचारून घ्यावं.
• शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कळवावं. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम लांबल्यास कमाल दोन वर्षांची मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. न कळवल्यास मात्र हप्ते ठरल्या तारखेला सुरू होऊ शकतात.
• परतताना फिटनेस सर्टिफिकेट आणि रुजू झाल्याचा अर्ज द्यावा.

सर्टिफिकेटवर मानसिक आजाराचा उल्लेख येईल म्हणून अनेक जण मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत. मात्र मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. अर्जात किती तपशील द्यायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

मनावरचा ताण असह्य होत असेल, तर कॉलेजच्या निर्णयाची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. रजेचा अर्ज दुसऱ्या दिवशीही देता येतो.