शिक्षण सुटलेल्या आई-वडिलांसाठी पुन्हा शिकण्याच्या वाटा : जालना जिल्ह्यातील पालकांसाठी माहिती

दहावीच्या आत शाळा सुटली, निकाह झाला, मुले झाली. आता मुले शाळेत जातात आणि घरखर्च एकाच्या कमाईत भागत नाही. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही मोहल्ल्यात अशी घरे आहेत. कोणी सळईच्या कारखान्यात पंधरा वर्षे राबून आता कंबरदुखीमुळे वेगळे काम शोधतो. कोणी घरी शिलाई करते, पण तिला पक्की नोकरी हवी आहे. पालकसभा संपली की आम्हा शिक्षकांना बाजूला घेऊन हेच पालक हळूच विचारतात, "आता या वयात परीक्षा देता येते का?" देता येते. पण कोणत्या वाटेने जायचे, हे आधी समजून घ्यायला हवे.

पहिली वही आली तेव्हा हजरत मुहम्मद (स.) चाळीस वर्षांचे होते आणि तिचा पहिला शब्द 'इक्रा' होता. त्यामुळे चाळिशीत पुस्तक हातात घ्यायला लाजण्याचे कारण नाही.

आधी काम ठरवा, मग कोर्स

बहुतेक जण आधी कोर्सला नाव घालतात आणि नंतर नोकरी शोधतात. क्रम उलटा ठेवा. जे काम करायचे आहे त्याची एखादी जुनी जाहिरात मिळवा आणि तिच्यातल्या चार गोष्टी वहीत लिहा : शिक्षण, वय, रहिवासाची अट आणि कुटुंबाची अट.

ही शेवटची अट अनेकांना उशिरा कळते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचा नियम 2005 पासून आहे. 28 मार्च 2006 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. अंगणवाडीच्या भरतीतही दोन अपत्यांची अट असते. तीन-चार मुले असलेल्या पालकांनी यामुळे खचू नये. खाजगी दवाखाना, कारखाना, दुकान, स्वतःचा धंदा यांना हा नियम लागू नाही. फक्त वाट निवडताना हे माहीत असावे, म्हणजे दोन वर्षे आणि पैसे चुकीच्या तयारीत जाणार नाहीत.

वयाचेही तसेच. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल मर्यादा आहे. अंगणवाडी सेविकेसाठी बारावी आणि 18 ते 35 वय लागते. विधवा महिलांना 40 पर्यंत सवलत आहे आणि अर्जदार त्याच गावची रहिवासी असावी लागते. आशा कार्यकर्तीसाठी 25 ते 45 वय धरतात.

बागवान, मोमीन, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. आपली बिरादरी यादीत असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता यांची तयारी आजच सुरू करा. पाच वर्षांची सवलत त्याच कागदांवर मिळते.

दहावी-बारावीचे दोन दरवाजे

1. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीची तीच बोर्डाची परीक्षा देता येते. नोंदणी पावसाळ्यात सुरू होते, फॉर्म ऑनलाइन भरतात आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आपल्या जिल्ह्याचे विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगरला आहे.

2. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीला किमान वय 14, वरची मर्यादा नाही. पाच विषय एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षे चालते, त्यात नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा राहतो. दहावी उर्दूतून किंवा मराठीतून देता येते.

दोन्हींमध्ये मोठा फरक वेळेचा आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि सध्या रमजान त्याच दिवसांत येतो. सेहरी, इफ्तारीचा स्वयंपाक, रोजा आणि गणिताचा पेपर हे सगळे एका आईवर एकदम पडते. एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. घर सांभाळून एकेक-दोनदोन विषय काढायचे असतील तर आम्ही हीच वाट सुचवतो. ज्यांची थोडक्यात दहावी राहिली आणि अभ्यास अजून लक्षात आहे, त्यांनी 17 नंबर घ्यावा.

पदवी

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. बी.ए., बी.कॉम. मराठीतून करता येते. उर्दूतून शिकायचे असेल तर हैदराबादची मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी (मानू) 1998 पासून आहे. तिथे मान्यताप्राप्त मदरशांच्या काही सनदांवरही प्रवेश मिळतो. त्यामुळे आलिम झालेल्या वडिलांनी आपली सनद त्यांच्या यादीत आहे का ते पाहावे.

दहावी-बारावी ओलांडून थेट पदवी देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नोकरीच्या वेळी सगळी शिडी तपासली जाते. शिक्षक व्हायचे असेल तर आणखी एक गोष्ट : मुक्त पद्धतीचे बी.एड. फक्त नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा आधी नियमित पद्धतीने मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी असते. बाकीच्यांना नियमित कॉलेजच करावे लागते.

हाताचे हुनर

आयटीआयला किमान वय 14 आहे, कमाल मर्यादा नाही. वेल्डर आणि शिलाईचा कोर्स आठवी पासवर, एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन दहावीवर, दोन वर्षांचा. पण रोज हजेरी लागते. घरातला एकटा कमावता माणूस वर्षभराची सोय केल्याशिवाय यात पडू नये.

ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी बँकांमार्फत जिल्ह्यात चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे (आरसेटी) छोटे मोफत कोर्स आहेत. शिंपी, गवंडी, न्हावी, लोहार अशा 18 कामांसाठी पीएम विश्वकर्मा योजना 2023 पासून आहे : प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून कोणी अर्ज करायचा ते घरात ठरवा. व्याजाचा प्रश्न ज्यांना सतावतो ते कर्ज न घेताही प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ घेऊ शकतात.

कागदपत्रे : नावाचा घोळ

सगळ्यात जास्त फॉर्म इथे अडकतात. दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर शौहरचे. एका ठिकाणी 'बी', दुसरीकडे 'बेगम'. स्पेलिंग तीन प्रकारचे.

- आधी जुन्या शाळेतून दाखला काढा. हरवला असेल तर अर्ज देऊन दुसरी प्रत मिळते.
- परीक्षेचा फॉर्म दाखल्यावरच्या नावानेच भरा.
- निकाहनाम्यावर न थांबता विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढा. माहेरचे आणि सासरचे नाव तेच जोडते. गरज पडली तर राजपत्रात नावबदल करा.

घराचे गणित

एक तास रोज, त्याच वेळी. फजरनंतर किंवा मुले गृहपाठाला बसतात तेव्हा. आई शेजारी पुस्तक घेऊन बसली की मुलांनाही वेगळे सांगावे लागत नाही. तो तास घराने मान्य केलेला असावा. सासूबाईंनी आणि शौहरने त्या वेळी पोळ्यांची, पाहुण्यांची जबाबदारी उचलली तरच अभ्यास होतो. सून शिकते आहे हे नुसते कौतुकाने सांगून होत नाही. फी, पुस्तके आणि परीक्षेच्या दिवसांतली बुडालेली मजुरी, तिन्हींचा हिशेब आधी मांडा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते, पण वयाची अट वाचूनच अर्ज करा.

फसवणूक टाळा

"घरबसल्या दहावी, पेपर आम्ही देऊ" असे म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दूरशिक्षणाची पदवी घेण्याआधी संस्थेचे आणि कोर्सचे नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहा. फी संस्थेच्या नावाने भरा आणि पावती जपा.

ओळखता येत नसेल तर फॉर्म घेऊन आपल्या मुलाच्या शाळेत या. वर्गशिक्षकाला पाच मिनिटे मागा. मुलांच्या प्रगतीइतकेच पालकांच्या शिक्षणाबद्दल बोलायला आम्हाला आवडते.