बोट आत्ता कुठे आहे?

देवरी तालुक्यातल्या सिरपूर धरणातून सुटलेले बाघ नदीचे पाणी वैनगंगेला मिळते, वर्धेच्या संगमानंतर प्राणहिता होऊन वाहते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. एकोणिसाव्या शतकात हाच उतार धरून नागपूर-वऱ्हाडचा कापूस बोटींनी थेट समुद्रापर्यंत न्यायचा बेत इंग्रजांनी आखला होता.

योजनेचा पुरस्कार आर्थर कॉटन यांनी केला, काम कॅप्टन हेग यांच्याकडे आले. खडकांनी नदी अडवलेल्या तीन जागा पार करायच्या होत्या. त्यांतली एक अहेरीजवळच्या देवलमरीची. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव होता, म्हणून पैसाही ओतला गेला. पण वाहतूक पावसाळी पाण्यावर अवलंबून, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये काम थांबवले गेले. त्या काळी निघालेली बोट पुढच्या ठाण्याला लागेपर्यंत ती तरली की अडकली, हे काठावरच्या कुणालाही कळण्याची सोय नव्हती.

ही सोय पुढे हौशी रेडिओवाल्यांनी केली. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८२ मध्ये ॲपल संगणकावर नौदलाकडून रेडिओने येणारी ठिकाणे नकाशावर मांडली. त्यातूनच आजची एपीआरएस पद्धत वाढली. जीपीएसने सांगितलेले ठिकाण छोटे रेडिओयंत्र ठरावीक वेळाने प्रक्षेपित करते, उंचावरचे केंद्र ते पुढे पाठवते आणि नकाशावर बोट सरकताना दिसते. मोबाइलचा टॉवर नसला तरी चालते. जंगलातल्या घाटांसाठी हे फार मोलाचे.

मोठ्या जहाजांना आपले ठिकाण आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणा सक्तीची आहे. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या डोंग्यावर तसे काही नसते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोली परिसरातली गावे वेढली आणि बचावाच्या बोटी पाण्यात उतरवाव्या लागल्या. अशा वेळी कोणती बोट कुठे आहे, हे नियंत्रण कक्षाला एका नजरेत दिसायला हवे. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ मध्ये, हौशी रेडिओवाल्यांनी संदेशवहन सांभाळलेच होते. मात्र हौशी रेडिओच्या परवान्यावर धंद्याची वाहतूक चालवता येत नाही, त्यामुळे खरा उपयोग बचावकार्यातच.

परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. गोंदिया-भंडाऱ्यातल्या विज्ञान महाविद्यालयांनी मुलांना तिला बसवावे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने पुढच्या पावसाळ्याआधी निदान दोन बचाव बोटींवर ही यंत्रे लावून पाहावीत.