जपानमधील ॲनिमे-चाहत्यांचा समूह आणि स्त्रिया : एका विस्मृतीचा इतिहास (१९७५–२०२०)

प्रस्तावना

‘ॲनिमे’ म्हणजे जपानी ॲनिमेशनपट व मालिका आणि ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. या दोन्हींचा जपानमधील चाहतावर्ग गेल्या अर्धशतकात एखाद्या सांस्कृतिक चळवळीसारखा संघटित झाला आहे. त्याला स्वतःची संमेलने, हौशी प्रकाशने व परिभाषा आहे आणि साहजिकच स्वतःचे वादही आहेत. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही आज ॲनिमे आवडीने पाहतात. त्यामुळे हा विषय आपल्यालाही पूर्णतः परका राहिलेला नाही.

या चाहत्यासाठी जपानीत ‘ओताकु’ हा शब्द रूढ आहे. तो उच्चारताच एकलकोंड्या, चष्मा लावलेल्या तरुण पुरुषाचे चित्र डोळ्यांसमोर येते. स्त्रिया या समूहात मागाहून आल्या, त्या येथे पाहुण्या आहेत, असा समज या चित्रामागे दडलेला असतो. समूहातील नित्याच्या वादांत स्त्रियांना जी वागणूक मिळते, तिचा आधार बहुतांशी हाच समज होय. प्रस्तुत निबंधात त्याची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही आणि तो कोणत्या टप्प्यांवर घडत गेला हे दाखविता येते, असे येथे प्रतिपादन केले आहे. (जपानी व्यक्तिनामे आडनाव आधी या रीतीने दिली आहेत.)

१. उगम : एका स्त्रीला नाकारलेला प्रवेश

जपानमधील हौशी चित्रकथा-प्रकाशनांची सर्वांत मोठी जत्रा म्हणजे टोकियोचे ‘कॉमिक मार्केट’, अर्थात ‘कॉमिकेट’. तिच्या जन्माची कथा या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्या काळी ‘मांगा ताईकाई’ नावाचे चाहत्यांचे वार्षिक संमेलन भरत असे. संमेलनाच्या आयोजनावर टीका करणाऱ्या एका स्त्रीला १९७५ साली त्यात सहभागी होण्यास मनाई करण्यात आली. ‘मेइक्यू’ या चित्रकथा-समीक्षकांच्या तरुण गटाने या निर्णयाचा निषेध केला आणि कोणालाही मज्जाव नसलेली जत्रा स्वतःच भरविण्याचे ठरविले. पुढे दीर्घकाळ कॉमिकेटचे नेतृत्व करणारे योनेझावा योशिहिरो (१९५३–२००६) याच गटातील होते.

२१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिले कॉमिकेट भरले. ३२ गटांनी त्यात आपली प्रकाशने मांडली आणि सुमारे ७०० लोक आले. त्यांत शाळकरी वयाच्या मुलींची संख्या सर्वाधिक होती. याला कारण होते. १९७० च्या दशकात मुलींसाठीच्या चित्रकथांत मोठे स्थित्यंतर घडत होते. हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको या लेखिका-चित्रकर्त्यांनी प्रेम, मृत्यू, लैंगिकता असे गंभीर विषय या प्रकारात आणले होते आणि त्यांच्या वाचक मुली केवळ वाचून थांबत नव्हत्या, तर लिहू व चित्रे काढू लागल्या होत्या. ॲनिमेच्या क्षेत्रातही हेच दिसते. ‘उमि नो तोरितोन’ (१९७२) या मालिकेभोवती जी आरंभीची चाहता-मंडळे उभी राहिली, त्यांत मुली अग्रभागी होत्या.

तात्पर्य, या समूहाच्या पायाभरणीच्या वेळी स्त्रिया बहुसंख्येने उपस्थित होत्या आणि टीका करणाऱ्या स्त्रीला दार बंद करणे अन्यायाचे आहे, हा विचार या जत्रेच्या मुळाशी होता.

२. ‘ओताकु’ या प्रतिमेची घडण

मग हा समूह पुरुषांचा कसा ठरला? याची तीन स्थित्यंतरे सांगता येतील.

पहिले १९८३ चे. ‘मांगा बुरिक्को’ या मासिकात नाकामोरी आकिओ यांनी चाहत्यांची टवाळी करणारी लेखमाला लिहिली. परस्परांना ‘ओताकु’ (मूळ अर्थ ‘आपले घर’, त्यावरून ‘आपण’) असे औपचारिक संबोधन वापरणाऱ्यांना त्यांनी तेच नाव बहाल केले. कॉमिकेटमधील गर्दीचे वर्णन करताना नाकामोरींनी मुलींच्याही रूपाची व पोशाखाची खिल्ली उडविली होती, म्हणजे मूळ व्याख्येत स्त्रिया होत्या. परंतु लेखमालेचा रोख लवकरच या मुलांमध्ये पुरुषार्थ कसा नाही याकडे वळला. ‘ओताकु’ म्हणजे अपुरा पुरुष, ही धारणा अशी रुजली. जेथे मोजमापच पुरुषपणाचे, तेथे स्त्री आपोआप गणनेतून बाद झाली. हे लेखन लहान मुलींच्या शृंगारिक चित्रणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पुरुषवाचकांच्या मासिकात आले होते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरे स्थित्यंतर १९८९ चे. टोकियो व सायतामा परिसरातील चार बालिकांच्या हत्यांबद्दल एका तरुणाला अटक झाली. त्याच्या खोलीतील हजारो व्हिडिओ-फितींची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकली आणि ‘ओताकु’ हा शब्द संभाव्य गुन्हेगार पुरुषाचा वाचक बनला.

तिसरे स्थित्यंतर प्रतिमेच्या पुनर्वसनाचे. २००४ साली पुस्तकरूपाने आलेल्या आणि २००५ साली चित्रपट व दूरचित्रवाणी-मालिका झालेल्या ‘देन्शा ओतोको’ या कथेने भाबडा, प्रेमळ ओताकु घरोघरी पोहोचविला. या कथेत ओताकु पुरुष आहे आणि स्त्री ही त्याला बाहेरच्या जगातून लाभलेले बक्षीस आहे. विद्वत्क्षेत्रही याला अपवाद नव्हते. साइतो तामाकी (२०००) आणि आझुमा हिरोकी (२००१) यांच्या प्रभावी ग्रंथांत विश्लेषणाचा मध्यवर्ती विषय पुरुष चाहता हाच राहिला.

या सर्व काळात स्त्रियांची निर्मिती मात्र वाढतच होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलविषयक मालिकेवर आधारित स्त्रियांच्या हौशी प्रकाशनांची कॉमिकेटमध्ये लाट आली. ‘क्लॅम्प’ हा सुप्रसिद्ध स्त्री-चित्रकर्त्यांचा गट अशाच हौशी प्रकाशनांतून पुढे आला. कॉमिकेटच्या आयोजकांनी वेळोवेळी केलेल्या पाहण्यांतही प्रकाशने मांडणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक आढळले आहे. प्रत्यक्ष निर्मिती स्त्रियांची आणि प्रतिमा मात्र पुरुषाची, अशी ही विसंगती आहे.

३. नित्याचे वाद आणि त्यांतील शब्द

लिंगभेदी दृष्टी नेहमी मोठ्या घोषणांतून व्यक्त होते असे नाही. ती रोजच्या शब्दांत अधिक स्पष्ट दिसते. २०१० च्या दशकात ‘ओताकु मंडळाची राजकन्या’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग (‘ओतासा नो हिमे’) रूढ झाला. पुरुषांच्या मंडळातील एकुलत्या एका मुलीला उद्देशून तो वापरला जाई. ती मालिकेच्या आवडीने आलेली नसून कौतुक करवून घेण्यासाठी आली आहे, असा आरोप त्यात अनुस्यूत असे. ‘निवाका’, म्हणजे अचानक उगवलेला उथळ चाहता, हा शब्द वस्तुतः कोणालाही लागू आहे. परंतु आपण खरोखर चाहत्या आहोत हे सिद्ध करण्याचा भार स्त्रियांवर अधिक पडतो.

दुसरा नित्याचा वाद आवडीच्या प्रतिष्ठेचा. पुरुष-पात्रांमधील प्रेमसंबंधांच्या कथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रियांना २००० च्या सुमारास ‘फुजोशी’ हे नाव पडले. ‘स्त्रीवर्ग’ या अर्थाच्या जपानी शब्दातील एक अक्षर बदलून ‘कुजलेली मुलगी’ असा श्लेष त्यात साधला आहे. स्त्रियांनी हे नाव स्वतःवरील विनोद म्हणून स्वीकारले. तथापि, आपल्या आवडीला आपणच आधी हसून घेतले म्हणजे इतरांचे हसणे बोथट होते, हा बचावाचा मार्ग त्यातून दिसतो. पुरुषांसाठी रेखाटलेल्या स्त्री-पात्रांबद्दलच्या ओढीला ‘मोए’ हे नाव मिळाले आणि २००५ साली त्याची गणना वर्षातील लोकप्रिय शब्दांत झाली. स्त्रियांच्या समांतर आवडीला मिळालेले नाव मात्र कुजण्याशी जोडलेले होते. दोन नावांतील हा फरक पुरेसा बोलका आहे.

तिसरा वाद शरीराचा आहे. पात्रांचा वेश धारण करणे, म्हणजे ‘कॉस्प्ले’, यात स्त्रियांचा सहभाग मोठा आहे. त्यांची अनुमतीविना वा आक्षेपार्ह कोनातून छायाचित्रे घेण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. कॉमिकेटमध्ये अनुमतीविना छायाचित्र घेण्यास मनाई आहे. तसेच वेश घालून घरून येण्यास व त्याच वेशात परत जाण्यासही मनाई आहे. यांपैकी पहिला नियम छायाचित्रकाराला आवर घालतो, तर दुसरा वेश करणाऱ्या व्यक्तीला. समूहाची अब्रू राखण्याची जबाबदारी अशा रीतीने अंशतः वेश करणाऱ्यांवरच येते.

४. स्त्रियांना विचारलेला प्रश्न

या इतिहासात स्त्रिया केवळ अन्यायग्रस्त होत्या असे मानणेही एकांगी ठरेल. १९९२ साली ‘शोआझीर’ या स्त्रीवादी अल्पप्रसार नियतकालिकात सातो मासाकी या समलिंगी पुरुषाने पुरुष-प्रेमकथांवर, म्हणजेच ‘याओइ’वर, कडाडून हल्ला चढविला. पुरुष स्त्रीकडे उपभोग्य वस्तू म्हणून पाहतात, तसेच या लेखिका समलिंगी पुरुषांकडे पाहतात आणि प्रत्यक्षातील समलिंगी पुरुषांच्या जगण्याशी त्यांना कर्तव्य नसते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता.

हा ‘याओइ विवाद’ काही वर्षे चालला. काही लेखिकांनी आक्षेप मान्य करून आत्मपरीक्षण केले. काहींनी असे उत्तर दिले की, स्त्रीदेहावर लादलेल्या भूमिकांपासून सुटण्यासाठी त्यांना पुरुष-पात्रांचा आधार घ्यावा लागला होता. सर्वांचे समाधान होईल असा निकाल लागला नाही. मात्र टीका करणाऱ्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ असे सांगून विषय बंद न करता तिला युक्तिवादाने सामोरे जाण्याचा एक नमुना या विवादाने घालून दिला. लिंगभेदाच्या चर्चेत तो आजही मार्गदर्शक ठरावा.

५. बंदीचे भय आणि सार्वजनिक वाद

टीकेला चाहते इतक्या तीव्रतेने विरोध का करतात, हे समजण्यासाठी बंदीचा इतिहास पाहावा लागतो. १९९० च्या सुमारास ‘अपायकारक चित्रकथां’विरुद्ध देशव्यापी मोहीम झाली आणि १९९१ साली कॉमिकेटला माकुहारी येथील सभागृह गमवावे लागले. २०१० साली टोकियो महानगर प्रशासनाने युवक-संरक्षण नियमावली अधिक कडक केली. त्यामुळे स्त्री-चित्रणावरील कोणताही आक्षेप म्हणजे बंदीची नांदी, अशी भावना चाहत्यांत खोलवर रुजली. ही भीती निराधार म्हणता येत नाही.

परंतु बंदीचा फटका स्त्रियांनाही बसला होता, हे त्या भावनेत विसरले गेले. २००८ साली ओसाका प्रांतातील साकाई शहराच्या ग्रंथालयांतून पुरुष-प्रेमकथांची पुस्तके काढावीत, अशी मागणी झाली. हजारो पुस्तके मुक्त फडताळांवरून हटविण्यात आली. त्या वेळी उएनो चिझुको यांच्यासारख्या स्त्रीवादी विदुषींनी वाचकांची बाजू घेतली आणि तो निर्णय मागे घेतला गेला. स्त्रीवाद आणि चाहते परस्परांचे शत्रूच असतात, या समजुतीला हा प्रसंग छेद देतो.

त्यानंतरच्या दशकातील वाद मात्र निराळ्या वळणाने गेले. जपानच्या कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेच्या नियतकालिकाने जानेवारी २०१४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ॲनिमे-शैलीतील, हातात झाडू घेतलेली स्त्री-यंत्रमानव दाखविली. पाठीला विजेची तार जोडलेल्या या घरकाम करणाऱ्या ‘स्त्री’वर टीका झाली आणि संस्थेला खुलासा करावा लागला. मिए प्रांतातील शिमा शहराने पाणबुड्या स्त्रियांचे प्रतीक म्हणून ‘आओशिमा मेगु’ हे पात्र स्वीकारले होते. प्रत्यक्ष या व्यवसायातील स्त्रियांनीच त्याच्या मादक रूपाला हरकत घेतली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये शहराने अधिकृत मान्यता काढून घेतली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानी रेडक्रॉसच्या रक्तदान-भित्तिपत्रकावरील ‘उझाकी-चान’ या चित्रकथेतील नायिकेच्या चित्रणावरून असाच वाद पेटला. २०२० च्या आरंभी याच पात्रासह दुसरी मोहीम झाली, तेव्हा चित्राचे स्वरूप बदललेले होते.

या तिन्ही प्रसंगी आक्षेपाचा विषय चित्रकथेचे अस्तित्व हा नव्हता. सार्वजनिक संस्थांनी केलेला तिचा वापर हा होता. तरीही आक्षेप घेणाऱ्या स्त्रियांना बहुधा एकच उत्तर मिळाले : त्यांना ही संस्कृती कळत नाही, त्या बाहेरच्या आहेत. वस्तुतः २०१४ च्या त्या मुखपृष्ठाची चित्रकर्ती स्वतः स्त्री होती. म्हणजे स्त्री निर्माती होती आणि टीकाकारही होती. ‘ओताकु विरुद्ध स्त्रिया’ या मांडणीत तिच्या या दोन्ही भूमिका लोप पावल्या.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. ॲनिमे-चाहत्यांच्या समूहात स्त्रिया आरंभापासून आहेत. पुरुष ओताकुची प्रतिमा १९८३ नंतर मासिके, वृत्तपत्रे, चित्रपट व विद्वानांचे ग्रंथ यांनी मिळून घडविली. स्त्रियांच्या आवडीला लागलेली नावे, त्यांच्या निष्ठेची होणारी परीक्षा आणि त्यांच्या टीकेला मिळणारी उत्तरे या प्रतिमेवर उभी आहेत. त्याच वेळी स्त्रियांच्या निर्मितीलाही प्रश्न विचारले गेले आणि त्यांना उत्तरे देण्याची परंपरा याच समूहात निर्माण झाली, हेही नोंदवावयास हवे.

१९७५ साली टीका केल्याबद्दल एका स्त्रीला दार बंद झाले, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी या समूहाची सर्वांत मोठी संस्था उभारली. त्यानंतर चार दशकांनी टीका करणाऱ्या स्त्रीला ‘बाहेरची’ म्हणणे हे त्या समूहाने आपला स्वतःचा इतिहास विसरल्याचे चिन्ह होय. तरुण पिढीच्या आवडीनिवडींचा अभ्यास करताना आपण अध्यापकांनीही प्रचलित प्रतिमेवर विसंबून चालणार नाही. कोणी काय निर्माण केले आणि कोणाला कधी प्रवेश नाकारला गेला, या नोंदींपासून तो अभ्यास सुरू व्हावयास हवा.