गोधडी आणि दुपटे : धावदोऱ्याची घरगुती कला

गोधडीचे नमुने सहसा कागदावर उतरले नाहीत. जुनी गोधडी हाच नव्या गोधडीचा नमुना. आणि ती झिजली, की पुष्कळदा तिलाच आत घालून वर नवे आवरण चढविले जाई. त्यामुळे काही पिढ्यांपूर्वीची गोधडी जशीच्या तशी हाती लागणे विरळाच. ग्रामीण भागात तिला वाकळही म्हणतात.

रचना साधी असली, तरी काम चिकाटीचे. वर-खाली धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे, आत धोतराचे नि इतर जीर्ण कापडांचे तुकडे. हे थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या काढून लांब टाक्यांनी टाचतात. मग कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्याकडे यायचे. चौकट लागत नाही. तळहातच कापड सपाट करीत पुढे सरकतो. दोन ओळींमधले कापड किंचित फुगते आणि त्या फुगीर रेषा हीच गोधडीची खरी नक्षी. ओळी जितक्या जवळ, तितकी ती टिकाऊ, पण ताठही.

घरी शिकायचे, तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यापासून आरंभ करावा. दोन-तीन थर पुरतात. दोऱ्याची गाठ मात्र थरांच्या आत दडवावी. ती बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. नवे कापड घेतल्यास आधी धुवावे, एरवी ते मागाहून आटते व शिवणीला चुण्या पडतात. कृत्रिम धाग्याची साडी टाळावी : ती सुईखाली निसटते, ओलही शोषत नाही. खरी अडचण इथेच आहे. रोजच्या नेसण्यातून सुती लुगडे मागे पडले, तेव्हा गोधडीचे घरातले कापडच संपले.