विवाहविषयक अभ्यासक्रम आणि आल्फ्रेड किन्सी : एका अध्यापनाचा इतिहास

लैंगिकतेच्या समाजशास्त्राची वाटचाल सांगताना आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ व १९५३ मधील ग्रंथांचा उल्लेख हमखास होतो. ते ज्या वर्गातून निर्माण झाले त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. किन्सी हे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक व वनस्पतींवर गाठी निर्माण करणाऱ्या कीटकांचे अभ्यासक होते. १९३८ मध्ये तेथे विवाहविषयक अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांवरही व्याख्याने होत. जीवशास्त्रीय भाग किन्सींकडे होता. विद्यार्थी विचारीत त्या प्रश्नांची विश्वसनीय उत्तरे तत्कालीन साहित्यात नव्हती. उपदेश विपुल होता, माहिती तुटपुंजी. म्हणून किन्सींनी विद्यार्थ्यांच्याच मुलाखती घेण्यास आरंभ केला आणि अडचण उद्भवली ती येथेच. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खाजगी आयुष्याची नोंद घ्यावी काय, हा आक्षेप निव्वळ सनातनी म्हणून झटकता येणार नाही. स्थानिक धर्मोपदेशक व डॉक्टरांच्या तक्रारींनंतर १९४० मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी अध्यापन आणि संशोधन यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. किन्सींनी संशोधन निवडले. पुढे वेल्स यांनीच त्या संशोधनास सातत्याने संरक्षण दिले, हेही नोंदविले पाहिजे.

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांच्यापुढे असा पर्याय नव्हता. गणिताच्या या प्राध्यापकांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालय सोडावे लागले. त्यांचे लैंगिक शिक्षणाचे कार्य १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून, म्हणजे महाविद्यालयाबाहेरच, चालू राहिले.