एका पोत्याची अदलाबदल

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या दारात गाय नाहीतर म्हैस आहे. पशुखाद्याचं पोतं आलं की आपण तोंड सोडतो आणि घमेल्यात ओततो. पोत्यावर काय लिहिलंय, ते कितीजणी वाचतो? म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची हकिकत सांगणार आहोत.

तिथं मिशिगन केमिकल ही कंपनी दोन भुकट्या बनवायची. एक ‘न्यूट्रीमास्टर’, म्हणजे दुभत्या जनावरांच्या खाद्यात घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरी ‘फायरमास्टर’, म्हणजे पीबीबी. प्लॅस्टिकनं लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळायचं हे रसायन. १९७३ साली नेहमीची छापील पोती कमी पडली, म्हणून साध्या तपकिरी पोत्यांवर नावं उमटवली. नावं सारखी, पोती सारखी. फायरमास्टरची पोती पशुखाद्याच्या गिरणीत गेली आणि ते विष खाद्यात कालवलं गेलं.

गायी खाईनात. दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले, वासरं मेलेली जन्मली. अनेक शेतकऱ्यांना ऐकवलं गेलं की तुमचीच निगा कमी पडते. रिक हालबर्ट या शेतकऱ्यानं मात्र पिच्छा सोडला नाही. त्यानं रसायनांचं शिक्षण घेतलेलं होतं. खाद्याचे नमुने तो एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे पाठवत राहिला. एप्रिल १९७४ मध्ये पीबीबीचा छडा लागला. तोवर कित्येक महिने ते दूध, अंडी, मांस लोकांच्या पोटात गेलं होतं. पुढं सुमारे ३०,००० गायीगुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या.

पीबीबी चरबीत मुरतं आणि वर्षानुवर्षं शरीरातून जात नाही. दुधात स्निग्धांश असतो, म्हणून ते दुधात उतरतं. १९७६ साली तिथल्या बाळंतिणींचं दूध तपासलं. राज्याच्या दक्षिणेकडच्या दाट वस्तीच्या भागात जवळजवळ प्रत्येकीच्या दुधात पीबीबी निघालं. दारात जनावर नसलेल्या बायासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. हे ऐकून कुणी बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. बाळासाठी आईचंच दूध उत्तम.

त्याच वर्षी या कुटुंबांची नोंदवही सुरू झाली आणि अजून चालू आहे. त्या नोंदींवरून १९९८ साली एक अभ्यास निघाला. ज्यांच्या रक्तात पीबीबी जास्त, त्यांच्यात पचनसंस्थेचा कर्करोग जास्त दिसला. रुग्ण थोडे होते, त्यामुळे हा पक्का निवाडा नव्हे. याच जातीचं दुसरं रसायन म्हणजे पीबीडीई. ते जुन्या टीव्ही-संगणकांच्या प्लॅस्टिकमध्ये, गाद्यांच्या फोममध्ये असतं. त्यातल्या एका प्रकारानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या पसरू लागतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे; पण सावध व्हायला एवढं पुरे. फायरमास्टरमधल्या मुख्य रसायनावर आणि पीबीडीईच्या काही प्रकारांवर भारत सरकारनं २०१८ साली बंदी घातली.

बंदी आली तरी जुन्या वस्तू घराघरांत आहेतच. म्हणून टीव्हीचं खोकं, वायरी, फोम चुलीत घालू नका, तांब्यासाठी जाळू नका. धूर आधी आपल्याच छातीत जातो. खाद्याच्या पोत्यावरचं नाव वाचा, तारीख आणि बॅच नंबर वहीत उतरवा, नवं पोतं फोडलं की मूठभर नमुना बाजूला ठेवा. दूध अचानक घटलं, तर दाखवायला काहीतरी हाती असेल. आणि शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका, लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या पोत्यावरची चिठ्ठी आणा. आपण मिळून वाचू.