‘दारास’ : फ्रेंच भविष्यकाळाचा एक जुना साक्षी
फ्रेंच भाषेतील भविष्यकाळाची रूपे मूळची जोडलेली आहेत. लॅटिनमधील ‘कांताबो’ (मी गाईन) लोकांच्या बोलण्यातून लोपले व त्याच्या जागी ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गावयाचे आहे’, हा प्रयोग रूढ झाला. ही दोन पदे एकजीव होऊन आजचे ‘शांतरे’ सिद्ध झाले. आपल्या लुट् लकारातील ‘कर्तास्मि’ हे कर्तृ व अस्मि यांच्या संयोगाने बनले, तसाच हा प्रकार.

पुराव्यादाखल बहुधा इ. स. ८४२ च्या स्ट्रासबर्ग येथील शपथा पुढे करतात. त्यांत ‘साल्वाराइ’, ‘प्रिंद्राइ’ ही रूपे आहेत खरी. परंतु निथार्डच्या ज्या ग्रंथात त्या शपथा आहेत, त्याची उपलब्ध प्रत इ. स. १००० च्या सुमाराची. मधल्या दीडशे वर्षांत लेखकूचा हात कोठे फिरला, हे कोणी सांगावे?

फ्रेडेगारच्या नावावर मोडणाऱ्या सातव्या शतकातील बखरीचा पुरावा मला अधिक बलवत्तर वाटतो. जस्टिनियन बादशहाने पराभूत इराणी राजाकडे प्रांत मागितले. राजाने नकार देताना ‘दाबो’ (देईन) हे जुने रूप योजिले. बादशहा उत्तरला, ‘दारास’, देशील! त्यावरून तेथील नगरास दारास हे नाव पडले, अशी कथा आहे. कथा सपशेल खोटी. दारा नगर अनास्तासियस बादशहाने इ. स. ५०५ च्या सुमारास वसविले आणि जस्टिनियन गादीवर आला तो ५२७ मध्ये. पण व्युत्पत्ती खोटी असली तरी साक्ष खरी आहे. श्लेष नगरनामावरच उभा असल्यामुळे लेखकूस ते रूप बदलण्याची सोय नव्हती. आणि वाचकास ‘दारास’ म्हणजे ‘देशील’ हे ठाऊक नसते, तर श्लेष लागलाच नसता. शिवाय या बखरीची सर्वांत जुनी प्रत इ. स. ७०० च्या सुमाराची, म्हणजे शपथांच्या प्रतीहून सुमारे तीनशे वर्षांनी आधीची आहे.